फ्रेमवाले हजर

माझ्या ताईला पैसे मागता येत नाहीत. बाकी सगळं येतं. लाकडाची पट्टी डोळ्याशी धरली की तिला त्यातला बाक लगेच दिसतो. फ्रेमचे चार कोपरे ती असे जुळवते की सांध्यात नख शिरत नाही. पण गिऱ्हाईक तसबीर काखोटीला मारून “पुढच्या आठवड्यात देतो” म्हणालं की ही मान डोलावते आणि वर त्याला दार उघडून देते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आमच्याकडे आधी पैसे, मग गोळी. त्यामुळे या एका विषयावर आम्हा बहिणींचं कधी पटलं नाही.

भावोजी होते तोवर निभावलं. दुकान दोघांचं. ताई कापायची, जोडायची, आणि मागायचं काम भावोजींचं. माणूस अबोल, पण उधारी वसूल करताना बरोबर तोंड उघडायचा. मग एका सकाळी गिऱ्हाइकाकडे आरसा पोचवून परत येताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते रस्त्यातच गेले. आरसा मात्र धडधाकट पोचला होता, हे ताई अजून सांगते, जणू त्यात काही समाधान आहे.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. त्यांची सगळी शिल्लक त्यांच्या एकट्याच्या खात्यात. ताई बँकेत गेली, तर काचेपलीकडच्या बाईने सांगितलं की नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे. खातं लग्नाआधीचं, नाव तेव्हाच लिहिलेलं, पुढे बदललंच नाही. म्हणजे ताईच्या सासूबाईंनी मृत्यूचा दाखला जोडून सही करायची, मग पैसे सुटणार. एका सहीचं काम. आणि सासूबाई सही करेनात.

नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नाही म्हणतच नव्हत्या. कागद समोर ठेवला की हातात घ्यायच्या, घडी घालायच्या, उशीखाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, “थांबू या जरा.” इकडे दुकानाचा भाडेकरार संपत आलेला. मालकाला वाढीव अनामत दोन-तीन महिन्यांत हवी होती, आणि एक चपलांचा दुकानदार रोज येऊन टेपने दुकानाची लांबी मोजून जात होता. दुकान गेलं की ताईच्या हातातली विद्या तिच्या हातातच राहणार होती. मी म्हणायचे, अगं, खडसावून विचार. ती म्हणायची, आईंना कसं विचारू?

तेव्हा मला तो अभ्यासगट आठवला. भावोजींनी शेवटच्या वर्षात ते खूळ घेतलं होतं. दर रविवारी दुपारी टॅबवर जमायचं आणि घरखर्च, विमा, बचत, वारसा यांवर बोलायचं. शिकवणारे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणत. भावोजींनी मलाही ये म्हणून सांगितलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, असं म्हणून मी तेव्हा उडवून लावलं. आता ताईला घेऊन मीच जायचं ठरवलं.

गटाचा एक नियम मला पहिल्याच दिवशी आवडला. नाव सांगायचं नाही. पैशाबद्दल बोलताना माणसाला लाज वाटते, म्हणून प्रत्येकाने फक्त धंदा सांगायचा आणि तेच नाव लावायचं. कॅमेरा कोणी लावायचा नाही. म्हणजे पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी, आणि त्यांवर लिहिलेलं: शिंपीणबाई, लिफ्टवाले, नर्सताई. मी झाले औषधवाली. ताईने ‘काचवाली’ लिहिलं. ती माझ्याकडे आली होती आणि दोघींचे फोन जोडलेले असले तरी आम्ही माझ्या पलंगावर बसून आवाज एकाच फोनवर ऐकत होतो. तिच्या सासूबाईंनीच तिला सुचवलं होतं, बहिणीकडे जाऊन बस, तिच्याकडे नेट चांगलं असतं.

मास्तर सुरुवातीला शाळेसारखी हजेरी घ्यायचे. ज्याला बोलणं सोयीचं नसेल त्याने चौकटीवर हाताची खूण दाखवायची.

“शिंपीणबाई?” “हजर.” “लिफ्टवाले?” “हजर, मास्तर.”

“फ्रेमवाले?”

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती. तिच्यावर पिवळा हात वर आला.

“हजर,” मास्तर म्हणाले आणि पुढे गेले.

ताईने माझं मनगट धरलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने इतक्या जोरात दाबलं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. तासभर मास्तर काहीतरी सांगत होते. आम्ही दोघी त्या चौकटीकडे बघत होतो. काळी चौकट, वर ‘फ्रेमवाले’. तास संपला, एकेक चौकट विझत गेली. ती सर्वांत शेवटी विझली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. औषधांच्या दुकानात उभं राहिलं की माणूस कशाने मरतो ते नीट कळतं, आणि मेलेला माणूस गोळ्या न्यायला परत येत नाही. मी ताईला म्हटलं, काहीतरी बिघाड असेल, त्यांचा टॅब कुठेतरी चालू राहिला असेल. तर ताई म्हणाली, टॅब ते गेल्यापासून दिसलेलाच नाही, बहुधा रस्त्यात पडला आणि कोणी उचलून नेला. मग ज्याने उचलला तोच, मी म्हटलं. चोर आपला टॅब उघडून पैशाचा अभ्यास करतोय, असं म्हणून मी हसलेही. ताई हसली नाही.

पुढच्या रविवारीही तो हात वर आला. त्याच्या पुढच्याही. एकदा नर्सताईने चौकशी केली, हे फ्रेमवाले कधी बोलत का नाहीत? मास्तर म्हणाले, “पहिल्यापासून तसेच आहेत. बोलत नाहीत, पण एक तास चुकवत नाहीत.” भावोजी गेले हे त्या गटात कोणालाच माहीत नव्हतं. कळणार कसं? वर्षाची फी भरलेली, नाव कोणाला ठाऊक नाही, आणि चौकट तर दर रविवारी येत होती. मास्तरांना सांगून टाकू, असं मी ताईला कितीदा म्हटलं. ती म्हणायची, पुढच्या वेळी.

मला खरी भीती वाटायला लागली ती चौकटीची नव्हे, ताईची. रविवारी ती ठेवणीतले कपडे घालून यायची. केस नीट बांधलेले. हजेरी सुरू झाली की पुढे सरकून बसायची आणि ‘फ्रेमवाले’ म्हटल्यावर तिचे ओठ हलायचे. तिची चौकट त्या चौकटीच्या शेजारी आली तर त्या दिवशी ती जेवून जायची, नाही आली तर तशीच जायची. शिल्लक, सही, दुकान, सगळं बाजूला पडलं होतं. चपलांचा दुकानदार आता कपाटं कुठे लावायची ते खडूने आखून गेला होता. मी तिला तोंडावर म्हटलं की तू वेडी होणार आहेस आणि मला दोन वेळा जाऊन तुझ्या सासूबाईंना जेवण द्यावं लागणार आहे. ती म्हणाली, “होऊ दे.”

एका रविवारी ती आलीच नाही. सासूबाईंना सणकून ताप भरला होता, ही त्यांच्या पलंगापाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मी तास एकटीने ऐकला. हजेरी झाली. फ्रेमवाले हजर होते. मी फोन पालथा घातला आणि चहा टाकायला उठले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आवाज आला.

मास्तर विम्यावर बोलत होते. मध्येच फ्रेमवाल्यांच्या चौकटीभोवती रेघ उजळली, म्हणजे तिकडचा आवाज उघडला. कोणी बोललं नाही. फक्त एक घड्याळ ऐकू आलं. टक्, मग जरा थांबून टक्-टक्, पुन्हा थांबून टक्. मग रेघ विझली.

ताई उभी राहिली. “ते आपलं घड्याळ आहे,” ती म्हणाली. “लंगडं घड्याळ. दुकानातलं.”

ते मलाही माहीत होतं. भावोजींनी भंगारातून आणलं होतं, फ्रेम छान आहे म्हणून, आणि त्याची चाल कधी सुधारली नाही. पण दुकानाला रविवारी कुलूप. किल्ली ताईच्या पर्समध्ये, पर्स माझ्या पलंगावर. वरच्या मजल्यावर घर आणि आतून जिना आहे खरा, पण घरी होत्या फक्त सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेले. मुलगा गेल्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या, न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंत धरून.

पुढच्या रविवारी आम्ही तास सुरू व्हायच्या वेळी दुकानाच्या गल्लीत उभ्या होतो. फोन माझ्या हातात, आवाज अगदी बारीक. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी हजेरी सुरू केली. शिंपीणबाई हजर. लिफ्टवाले हजर. फ्रेमवाले?

हात वर आला. ताईने कुलूप काढलं.

शटर आम्ही कमरेपर्यंतच उचललं आणि वाकून आत गेलो. बाहेर लख्ख ऊन, त्यामुळे आत काही दिसेना. सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. मग हळूहळू भिंती दिसायला लागल्या. भिंतभर रिकाम्या फ्रेमा टांगलेल्या, लहान, मोठ्या, गोल, आणि प्रत्येकीच्या आत नुसता अंधार. इतकी वर्षं त्या दुकानात जातेय, पण त्या दिवशी मला वाटलं की आम्ही आत येताच त्या सगळ्या गप्प झाल्या. लंगडं घड्याळ चालू होतं.

कामाच्या टेबलामागे निळसर उजेड होता. त्या उजेडात भावोजींच्या उंच स्टुलावर भावोजींचा कामाचा ॲप्रन घालून कोणीतरी बसलं होतं. पाठ आमच्याकडे. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

“हळू,” ती आकृती न वळता म्हणाली. “तास चालू आहे.”

सासूबाई होत्या.

ताई धावत गेली. तिने आधी त्यांचे गुडघेच चाचपले, कशा उतरलात, पडला असतात तर. बसून बसून, त्या म्हणाल्या. एकेक पायरी बसत उतरायचं आणि तसंच चढायचं. सूनबाई बहिणीकडून यायच्या आत वर पोचायचं. टॅब सरसाच्या डब्यांमागे असायचा, जिथे तो ठेवायचा तिथेच, मागच्या प्लगला लावलेला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. गुडघे जाण्याआधी त्या दुपारी मुलाजवळ दुकानात बसत. रविवारी तो आठवड्याचं राहिलेलं जोडकाम उरकायचा, हात सरसाने भरलेले, टॅबला लावायचे कसे? म्हणून त्याने आईला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. घंटी वाजली की हिरव्या खुणेला बोट लावायचं, आणि ‘फ्रेमवाले’ म्हटलं की हाताच्या चित्राला. त्या दोन खुणांपलीकडे त्यांना काही येत नव्हतं. तो गेला त्यानंतरच्या रविवारी वर पलंगावर पडल्या असताना त्यांना खालून घंटी ऐकू आली. ती थांबेना. म्हणून त्या उतरल्या आणि बोट लावलं. आणि कोणीतरी त्याला हाक मारली.

“घरात सगळे आता त्याला ‘होता’ म्हणतात,” त्या ताईला म्हणाल्या. “शेजारी म्हणतात, तू म्हणतेस. ही एवढीच माणसं आहेत जी अजून तो आहे म्हणतात. मी सही केली की हेही थांबेल. म्हणून म्हटलं, थांबू या जरा.”

माझं डोकं फिरलं. घाबरून झालं की मला राग येतो, तो स्वभावच आहे. मी म्हटलं, मावशी, तुमच्या या हजेरीपायी ताईचं दुकान चाललंय. तो चपलांचा माणूस खडूने रेघा मारून गेलाय, त्या रेघांवरच तुमचे पाय आहेत. त्यांनी खाली बघितलं. रेघा खरंच होत्या.

ताईने मला हाताने थांबवलं. ती जमिनीवर बसली, स्टुलाला टेकून, आणि म्हणाली, “आई, मीही मास्तरांना सांगितलं नाही. मलाही ऐकायचं होतं.”

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तापाने पडले तो एक रविवार सोडला, तर मी एकही चुकवला नाही. तेवढा एकच खाडा झाला. त्या दिवशी घंटी वाजली असेल आणि कोणी आलं नसेल.”

त्या रविवारी तास मी एकटीने ऐकला होता, आणि फ्रेमवाले हजर होते. ताई तर वर त्यांच्या पलंगापाशी होती. मी भिंतीवरच्या फ्रेमांकडे बघितलं आणि पुन्हा जमिनीकडे. मी काही बोलले नाही, आणि आजतागायत त्या दोघींना बोललेले नाही.

टॅबमधून मास्तरांचा आवाज येतच होता. त्या दिवशीचा विषय होता नॉमिनी. कोणाचं नाव लिहावं, केव्हा बदलावं. मग ते म्हणाले, “मागे फ्रेमवाल्यांनी हे विचारलं होतं. फ्रेमवाले, तुमचं उदाहरण सांगू का? चालेल ना?”

सासूबाईंचं बोट हाताच्या चित्राकडे गेलं. हात वर आला.

“त्यांनी लिहून कळवलं होतं की नॉमिनी आई आहे, लग्नानंतर बदललेलं नाही. मी म्हटलं, बदला. तर हे म्हणतात, असू द्या. माझ्या बायकोला मागता येत नाही. तिच्या नावावर ठेवलं तर जग तिच्याकडून मागून नेईल. आईकडे असलं तर आई तिला न मागता देईल.” मास्तर जरा हसले. “मी म्हटलं, विश्वास चांगला, पण कागद त्याहून चांगला. काय फ्रेमवाले, बदललंत का शेवटी?”

घड्याळ टक्-टक् करत होतं. मास्तर वाट बघत होते. ताई स्टुलाच्या पायाला धरून बसली होती, तिने मान वर केली नाही. मला वाटलं आता पुन्हा तो हात वर येणार, आणि हे असंच चालू राहणार, दुकान जाईपर्यंत आणि त्यानंतरही.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “बोलायचं कुठून असतं?” त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी बोट लावलं. चौकटीभोवती रेघ उजळली.

“त्याने नाही बदललं,” त्या म्हणाल्या. आवाज फुटत होता, पण शब्द स्वच्छ होते. “मी त्याची आई बोलतेय. मास्तर, तुमच्या हजेरीत दुरुस्ती करा. फ्रेमवाले गैरहजर आहेत.”

मास्तरांनी विचारलं, बरं नाही का त्यांना?

“तो गेला,” त्या म्हणाल्या. “हात मी वर करत होते.”

मग लिफ्टवाल्यांनी नियम मोडून कॅमेरा लावला. जाडजूड, चष्मा लावलेला माणूस, मागे स्वयंपाकघराची खिडकी. ते नुसते दिसत राहिले. मग शिंपीणबाई दिसल्या, मग नर्सताई. ताईने सासूबाईंच्या पायांना मिठी मारली आणि ती रडायला लागली. भावोजी गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मीही रडले. मला लाज वाटली नाही.

उशीखालचा कागद सोमवारी बाहेर आला. ताईने मागितला नव्हता. दुकान राहिलं. खडूच्या रेघा सासूबाईंनी स्वतः स्टुलावर बसून झाडूच्या टोकाने पुसल्या, आणि चपलांच्या दुकानदाराला मी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईने भावोजींच्या फोटोला फ्रेम केली. पट्टी सासूबाईंनी निवडली, साधी, गडद. त्या फोटोचे कोपरे ताईने कितीदा सोडवून पुन्हा जोडले, ते मी बघितलं आहे. मागायला मात्र ती अजून शिकलेली नाही. आता वसुलीला सासूबाई बसतात. दाराशी स्टूल टाकून बसतात आणि गिऱ्हाईक ओलांडून जाऊच शकत नाही.

रविवारचा तास आम्ही तिघी दुकानातच ऐकतो. ताईचा फोन टेबलावर उभा करून ठेवतो. भावोजींचा टॅब बंद करून खणात ठेवलाय. मास्तरांनी त्यांचं नाव यादीतून काढलं आहे. पण माणूस जुना, सवयीचा. लिफ्टवाल्यांचं हजर झालं की ते जरा थांबतात, एक नाव मावेल इतकंच, आणि मग पुढे जातात.

त्या वेळी सासूबाईंचं बोट मांडीवरून उचललं जातं, आणि कशालाही न लागता खाली येतं. ताई आपला हात त्यावर ठेवते. मी तेवढा वेळ खणाकडे बघत नाही.